अँटवर्पास गेलात, पाहिलेत काय?

गेल्या चातुर्मासातील एका गुरुवारी भजन आटोपल्यावर हुबळीतील एका देवालयाच्या सभामंडपात नित्याप्रमाणे प्रसाद वाटला गेला आणि मंडळी खांबांना पाठ टेकून घटकाभर बोलत बसली. त्यांत नुकतेच युरोपचा दौरा करून परतलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या हातातील मोबाईलवरची छायाचित्रे एकेक करून सर्वांच्या हातून फिरत होती. पॅरिस झाले, ब्रुसेल्स झाले आणि मग 'हे अँटवर्प. हिऱ्यांचे शहर, येथे आम्ही दोन दिवस होतो,' असे ते अभिमानाने म्हणाले. शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईने विचारले, "आनी थंय पळयलें कितें रे पुता?" गृहस्थ उत्तरले, "हिरे पळयले, मांय." "आनी?" "आनी चॉकलेटां." मंडळी हसली, गृहस्थही हसले, आणि विषय दुसरीकडे वळला. आम्ही मात्र घरी येईपर्यंत त्या दुसऱ्या 'आनी'चा विचार करीत होतो. म्हातारीच्या त्या एका शब्दाच्या प्रश्नात आमच्या समाजाच्या साऱ्या प्रवासावर टीका होती, आणि तिला उत्तर देणारा कोणीही त्या मंडपात नव्हता. हा लेख त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. परदेशप्रवासाला विरोध करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त सांगणाऱ्यांचा काळ गेला, तो बरे झाले म्हणून गेला. ज्या समाजाच्या पूर्वजांनी पडावांतून, होड्यांतून आणि पायी चालून कारवार, होन्नावर, मंगळूर, कोची गाठली आणि घाट चढून हुबळी-धारवाडात दुकाने थाटली, त्या समाजाने प्रवासाला नावे ठेवावीत हे हास्यास्पद होय. 'एवढ्या पैशांत गावी दोन अन्नसंतर्पणे झाली असती' असे म्हणणारे आमचे दुसरे मित्रही आम्हाला मान्य नाहीत. स्वकष्टाचा पैसा कोणी कसा खर्चावा याचा हिशेब आम्ही मागत नाही. आमची तक्रार वेगळी आहे, आणि आमच्या मते ती अधिक गंभीर आहे. आमची माणसे जातात आणि काहीही न पाहता परत येतात. त्याहून वाईट हे की, जे तेथे पाहायचे होते त्याचे मूळ स्वतःच्या घराच्या माळ्यावर वाळवी खात असताना ती तेथे जातात.

दोन दिवसांच्या त्या सहलीत सामान्यतः काय घडते ते पाहा. ब्रुसेल्सहून तासाभराच्या आत गाडी अँटवर्पच्या मध्यवर्ती स्थानकात येते. 1905 मध्ये पूर्ण झालेले, देवळासारखा उंच घुमट असलेले ते स्थानक खरोखरच भव्य आहे आणि त्याचे छायाचित्र सर्वांजवळ असते. स्थानकाच्या पलीकडेच तीन-चार अरुंद रस्त्यांची ती जगप्रसिद्ध हिरेपेठ. वाहनांना बंदी, कोपऱ्या-कोपऱ्यावर पहारा, आणि बाहेरून पाहावे तर कचेऱ्यांच्या करड्या इमारती. खरा माल तळघरांतील तिजोऱ्यांत. 2003 मध्ये त्यांतील एक तळघर चोरांनी रिकामे केले, ती कथा वाटाडे आजही चवीने सांगतात. प्रवाशाला दिसतात त्या रस्त्याकडेच्या काचांमागच्या अंगठ्या, आणि तशा अंगठ्या हुबळीच्या सराफकट्ट्यावरही दिसतात. मग मोठ्या चौकातील ब्राबोचे कारंजे. राक्षसाचा हात तोडून नदीत फेकणाऱ्या वीराची दंतकथा, आणि तिच्या आठवणीसाठी हाताच्या आकाराची चॉकलेटे. मग 123 मीटर उंच मनोऱ्याचे महामंदिर, आत रूबेन्सची चित्रे. दुसऱ्या दिवशी खरेदी आणि संध्याकाळची गाडी. झाले अँटवर्प!

आता आम्ही विचारतो : ज्या हिऱ्यांसाठी एवढे गेलात, ते हिरे तेथे आले कोठून, हा प्रश्न त्या दोन दिवसांत आपल्या मनात एकदा तरी उद्भवला काय?

अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत, बोर्निओचा अल्पसा अपवाद सोडला, तर जगाला हिरा ठाऊक होता तो हिंदुस्थानचा. कृष्णेच्या खोऱ्यातील कोल्लूर, अनंतपुराकडील वज्रकरूर, विजापूरच्या आदिलशाहीतील खाणी, ही त्याची जन्मस्थाने. वज्रकरूर ज्या विजयनगरच्या सत्तेखाली होते, त्याची राजधानी हंपी हुबळीहून रेल्वेने काही तासांवर आहे. 1498 नंतर केपला वळसा घालणारा मार्ग खुला झाला आणि हा माल गोव्याच्या पेठेतून लिस्बनला आणि लिस्बनहून अँटवर्पला जाऊ लागला. मिऱ्यांचे पहिले पोर्तुगीज जहाज 1501 मध्येच अँटवर्पच्या धक्क्याला लागले होते. याक द कूत्र नावाचा ब्रुज शहरचा व्यापारी सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहून हिऱ्यांसाठी विजापूर आणि गोवळकोंड्याच्या फेऱ्या करीत असे. पुढे तावर्निए आला. त्याचे वडील मूळचे अँटवर्पचे, नकाशांचा धंदा करणारे. त्याने आपला प्रवासवृत्तांत 1676 मध्ये छापला. विजापूरच्या मुलखातील खाणीपाशी त्याने पाहिलेले एक दृश्य आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गावच्या चौकातील झाडाखाली दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले रोज सकाळी येऊन बसत. एका बाजूला हिरे तोलण्याच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांची थैली. कोणी हिरा विकावयास आणला की तो त्यांतील थोरल्याच्या हाती द्यायचा आणि मग तो हातोहात फिरायचा. त्या खाणीवरील मोठ्यांचे सौदे तर तोंडातून अक्षर न काढता, वस्त्राखाली हातात हात घालून, बोटे दाबून होत. आज अँटवर्पमध्ये कोट्यवधींचा व्यवहार हस्तांदोलनाने आणि 'माझल' या ज्यू लोकांच्या मंगलवचनाने पक्का होतो आणि तेथील गुजराती व्यापारीही तेच वचन उच्चारतात, हे ऐकून आमची माणसे थक्क होतात. वस्त्राखालच्या आपल्या त्या हातांची मात्र कोणाला आठवण नसते.

येथे आमचे काही वाचक आनंदाने मान डोलावतील आणि म्हणतील, 'म्हणजे सारे आमचेच होते. त्यांनी लुटून नेले.' आम्ही त्यांना तेवढ्यावर सोडणार नाही. ही सोपी फुशारकी आमच्या अज्ञानाइतकीच घातक आहे. खाणीतला गोटा नुसता आपल्या भूमीत सापडला यात आपले कर्तृत्व ते कोणते? अँटवर्पच्या आसपास हिऱ्याची एकही खाण नव्हती आणि नाही. ते शहर मोठे झाले ते गोट्याच्या जोरावर नव्हे. 1531 मध्ये तेथे केवळ व्यापाऱ्यांच्या देवघेवीसाठी बांधलेले विनिमयगृह उभे राहिले, 1582 मध्ये हिरे घासणाऱ्यांची संघटना अधिकृत झाली. वजन, पत, करार, हुंडी आणि हिशेबाची वही यांवर त्या शहराचा इमला उभा होता. आणि इमला ढासळायला फारसा वेळ लागला नाही, हेही लक्षात घ्या. 1576 च्या नोव्हेंबरात पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी शहर जाळले, हजारो माणसे कापली. 1585 मध्ये शहर पडले, स्केल्ट नदीचे मुख व्यापाराला बंद झाले, ते दोनशे वर्षांहून अधिक काळ बंद राहिले. सुमारे लाखाची वस्ती काही वर्षांतच निम्म्याहून कमी झाली. व्यापारी अॅम्स्टरडॅमला गेले आणि जाताना हिरे खिशात घालून गेले. हिरा असाच असतो. तो धन्याबरोबर पळतो, शहरासाठी मागे थांबत नाही.

मग मागे राहिले काय? हाच आमच्या लेखाचा गाभा आहे. मागे राहिला तो एक छापखाना.

हिरेपेठेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, शुक्रवारचा बाजार या नावाच्या चौकात, ख्रिस्तोफ प्लांटिनचे घर आहे. हा मूळचा फ्रेंच, पुस्तकबांधणीचा कारागीर. त्याने 1555 मध्ये अँटवर्पात छपाई सुरू केली आणि पुढे हिब्रू, ग्रीक, लॅटिन यांसह पाच भाषांचे बायबल आठ खंडांत काढले. तो 1589 मध्ये वारला. जावई मोरेटुस याने आणि त्याच्या वंशजांनी तीनशे वर्षे तो छापखाना त्याच घरात चालविला आणि 1876 मध्ये तो शहराच्या स्वाधीन केला. नुसती चार दिवाणखाने सजवून नव्हे, तर यंत्रे, खिळे, ग्रंथ, लाकडी ठसे, मुद्रितशोधनाची मेजे आणि विशेषेकरून सर्व हिशेबाच्या वह्यांसह. कोणत्या कामगाराला किती मजुरी दिली, कोणत्या सावकाराकडे किती प्रती गेल्या, हे तेथे आजही वाचता येते. जगातील सर्वांत जुनी अशी दोन मुद्रणयंत्रे तेथे उभी आहेत. युनेस्कोने 2001 मध्ये त्या वह्यांना आणि 2005 मध्ये त्या घराला जागतिक वारसा म्हणून मान दिला. वह्यांना आधी आणि घराला नंतर, हा क्रम आमच्या देवस्थानांच्या व्यवस्थापकांनी ध्यानात ठेवावा.

आणि त्या घराचा आमच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील तर ऐका. 1556 मध्ये, म्हणजे प्लांटिनच्या आरंभानंतर एकाच वर्षाने, अबिसीनियाला जाण्यासाठी निघालेले एक मुद्रणयंत्र गोव्यात उतरले आणि तेथेच राहिले. आशिया खंडात युरोपीय पद्धतीची छपाई प्रथम झाली ती तेथे. त्याच गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य होता. हिंदू वैद्यांना विचारून, बाजारात फिरून, झाडपाला हातात घेऊन त्याने येथील औषधींवर एक संवादरूप ग्रंथ लिहिला आणि 1563 मध्ये तो गोव्यातच छापला. त्यात हिऱ्यावरही एक संवाद आहे. हिरा म्हणजे विष, हिरा घणाने फुटत नाही, या युरोपातील समजुती त्याने अनुभवाच्या आधारे खोडून काढल्या. हा ग्रंथ क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागला. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि तो 1567 मध्ये छापला गेला, कोठे? अँटवर्पात, प्लांटिनच्या छापखान्यात! गोव्याच्या बाजारातले ज्ञान चार वर्षांत त्या शुक्रवारच्या चौकात पोचले. आमचे गृहस्थ तेथे दोन दिवस होते. त्यांना चौक सापडला नाही.

या सनांकडे आणखी एकदा पाहा. 1566 च्या ऑगस्टमध्ये अँटवर्पच्या महामंदिरात कडव्या सुधारकांनी एका रात्रीत मूर्ती फोडल्या, चित्रे फाडली. त्याच सुमारास, 1560 ते 1567 या वर्षांत, गोव्यात आमची देवळे पाडली जात होती. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून अंत्रुज महालात आली ती याच काळात. दोन टोकांना दोन पंथ, परंतु घाव तेच. फरक एवढाच की, तेथील माणसांनी पुढे त्या फुटक्या मूर्तींचीही नोंद ठेवली. ओर्ताचे काय झाले हेही सांगावयास हवे. तो मूळच्या ज्यू कुळातला. मरणोत्तर त्याच्यावर धर्मद्रोहाचा ठपका आला आणि 1580 मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. हाडे जळली, ग्रंथ उरला, कारण तो छापलेला होता आणि अन्यत्र पोचलेला होता.

आता आमच्या भाषांची कथा या मापाने मोजून पाहा. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने रचलेले मराठी ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले आणि नंतर दोनदा पुन्हा छापले गेले. त्या तीन मुद्रणांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून ते आपल्याला मिळाले. त्याचेच कोंकणीचे व्याकरण 1640 मध्ये रायतूरलाच छापून झाले. परंतु 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. केळशीच्या कृष्णदास शामाने 1526 मध्ये लिहावयास घेतलेल्या कृष्णचरित्राचे हस्तलिखित कोठे आहे? पोर्तुगालमधील ब्रागा या गावच्या ग्रंथालयात. कोचीच्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी 1675 मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेली साक्ष आपल्याला कोठे वाचावयास मिळते? 1678 पासून अॅम्स्टरडॅममध्ये, त्या दुसऱ्या हिरेनगरीत, छापल्या गेलेल्या मलबारच्या वनस्पतिग्रंथात. आमचे शब्द आम्ही जपले नाहीत. परक्यांनी, कधी आम्हाला बाटविण्यासाठी, कधी आमच्याकडून शिकण्यासाठी, जपले.

परकी सत्ता होती, जाळपोळ होती, हे सर्व खरे. पण आज कोणाची सत्ता आहे? 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. हुबळी-धारवाडात तर पोर्तुगीज कधी आलेच नाहीत. येथे घरात कोंकणी, पोथीत मराठी आणि बाजारात कन्नड असा तीन भाषांचा संसार आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या सुखाने केला. 1673 मध्ये मराठी फौजेने हुबळी लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचेही नुकसान झाले आणि कंपनी त्याच्या भरपाईसाठी पुढे अनेक वर्षे तगादा लावीत राहिली, एवढी ही पेठ तेव्हाही मोठी होती. तिच्यातल्या लुटीचा हिशेब आपल्याला माहीत आहे तो कारकुनांनी लिहून ठेवल्यामुळे. आपल्या दुकानांचे, अडतींचे, देवस्थानांचे हिशेब कोठे आहेत? आमच्या पाहण्यातील एका देवस्थानाच्या कोठीत मोडी लिपीतील कीर्द-खतावण्यांचे रुमाल होते. कोणत्या वर्षी दुष्काळ पडला, कोणत्या वर्षी प्लेगने गाव ओस पडल्यामुळे पालखी निघाली नाही, कोणी किती तांदूळ दिले, सारे त्यांत असणार. कोठीला रंग द्यायचा ठरला तेव्हा ते रुमाल 'कोणालाही वाचता येत नाहीत' म्हणून रद्दीत गेले. त्याच सभेत देवाच्या दागिन्यांचा विमा उतरविण्याचा ठराव एकमताने संमत झाला. त्या सभेत आम्हीही बसलो होतो आणि आम्हीही तोंड उघडले नाही. म्हणून हा लेख केवळ दुसऱ्यांवरचा नाही.

देवाला हिऱ्याचा किरीट करावा, असा संकल्प हल्ली अनेक ठिकाणी ऐकू येतो. भक्तीला आम्ही नावे ठेवीत नाही. पण भक्ताने हे तरी जाणावे की, ज्या वर्षांत आमचे देव रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून आले, त्या वर्षांत त्यांच्या अंगावर किती हिरे होते हे कोणी विचारले नाही. कोणत्या कुळाचा कोणता देव, कोणत्या गावचा, कोणाचा मान पहिला, ही स्मृती लोकांनी जपली म्हणून देवालय पुन्हा उभे राहिले. किरीट गेला तर दुसरा घडविता येतो. स्मृती गेली तर देव कोणाचा?

आमच्यावर येणारे आक्षेप आम्ही जाणतो. पहिला : 'आम्ही विश्रांतीसाठी जातो, दोन दिवसांत इतिहास कोण वाचणार?' विश्रांती अवश्य घ्यावी. पण तीर्थयात्रेला निघताना आमची आजी क्षेत्रमाहात्म्य ऐकूनच घराबाहेर पडत असे. काशीत तीही तीनच दिवस असे, आणि पुढे तीस वर्षे ती काशी सांगत असे. दोन दिवस थोडे नसतात, दोन दिवसांपूर्वीची तयारी थोडी असते. दुसरा : 'हिऱ्यांचा धंदा आता आपल्याकडेच आहे, मग जुने कशाला उगाळता?' खरे आहे. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना आज सुरतेत पैलू पडतात, 2023 च्या डिसेंबरात तेथे प्रचंड हिरेबाजाराचे उद्घाटन झाले, आणि अँटवर्पच्या व्यापारातही पालनपूरकडून 1960 नंतर गेलेल्या जैन कुटुंबांचा मोठा वाटा आहे. त्यांनी तेथे विल्रिक उपनगरात संगमरवरी जिनालय उभारले, त्याची प्रतिष्ठा 2010 मध्ये झाली. आमच्या प्रवाशांपैकी किती जण तेथे हात जोडून आले? परमुलखात जाऊन धंदा आणि धर्म दोन्ही कसे सांभाळावेत हे पाहण्यासाठी तरी जायचे होते.

तिसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो : अँटवर्प म्हणजे आदर्शच काय? नव्हे. 1942 मध्ये याच शहरातील ज्यूंना, त्यांत हिरेपेठेतील कित्येकांना, गाड्यांत भरून मृत्यूच्या छावण्यांकडे नेण्यात आले आणि शहराच्या पोलिसांनी त्यात हात दिला. राजा लिओपोल्डच्या काँगोतील अत्याचारांची संपत्ती याच बंदरात उतरली. 2020 मध्ये येथील एकेरन भागातला त्याचा पुतळा अखेर हलवावा लागला. आफ्रिकेतील यादवीला पोसणाऱ्या हिऱ्यांविरुद्ध 2003 मध्ये जागतिक प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली, ती अजूनही सर्व छिद्रे बुजवू शकलेली नाही. आणि सुरतेत मंदी आली की पहिला घाव पडतो तो घासणाऱ्या कारागिराच्या पोटावर. काचेमागची अंगठी पाहणाऱ्याने हेही पाहावे. आम्ही अँटवर्पची आरती ओवाळीत नाही. ज्या शहराने आपली पापेदेखील वह्यांत राहू दिली, त्याच्याकडून वह्या ठेवण्याची विद्या तेवढी घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

तेव्हा आमच्या तीन मागण्या आहेत आणि त्या स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली : जो गृहस्थ हिरेनगरीच्या सहलीला जाईल त्याने प्लांटिनच्या घरात एक पूर्ण सकाळ घालवावी आणि परत आल्यावर याच सभामंडपात त्याविषयी अर्धा तास बोलावे. छायाचित्रे नंतर. दुसरी : प्रत्येक देवस्थानाने आपल्या कोठीतील सर्व जुन्या कागदांची, लिपी कोणतीही असो, मोडी, नागरी, कन्नड किंवा रोमन, एका वर्षाच्या आत यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि वाचता येत नाहीत म्हणून एकही कागद टाकू नये. धारवाडात विद्यापीठ आहे, 1939 पासून कन्नड संशोधन संस्था आहे, 1890 पासून विद्यावर्धक संघ आहे. कागद वाचणारी माणसे शोधली तर मिळतील. कागदच नसतील तर माणसे काय वाचणार? तिसरी : परदेशी शहराचे दोन दिवस जो घेईल त्याने आपल्या मुलांना त्याच वर्षी घरचे दोन दिवस द्यावेत. एक दिवस जुने गोवे, रायतूर आणि कवळे यांचा. दुसरा आपल्याच जुळ्या शहरांचा. उणकलच्या तळ्याकाठचे चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे देऊळ, सिद्धारूढांचा मठ, राष्ट्रध्वज तयार करून देशाला पुरविणारे बेंगेरीचे खादी केंद्र, आणि धारवाडात साधनकेरीचे ते घर, जेथे घरात मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले. याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथा लिहिली. आमच्या कोणत्या मुलाने ही घरे पाहिली आहेत?

खर्चाचा प्रश्न येथे कोणी काढू नये. अँटवर्पच्या हॉटेलातील एका रात्रीच्या भाड्यात एका देवस्थानाचे सर्व रुमाल झाडून, बांधून, कापूर-वेखंडाच्या पुड्या घालून पेटीत ठेवता येतील आणि वर पेढ्यांना पैसे उरतील.

असो. त्या गुरुवारच्या म्हातारीला आम्ही अजून भेटलो नाही. भेटली की तिला सांगू : मांय, थंय हिरे आशिल्ले, पूण ते आमच्याच वाटेन गेल्ले. तेथे एक घरही आहे. त्या घरात चारशे वर्षांपूर्वीच्या मजुराची मजुरी आजही वहीत लिहिलेली आहे. ती बहुधा विचारील, "आनी आमच्या देवळाची वही खंय आसा?" तिला खरे उत्तर देता यावे म्हणून तरी, वाचकहो, आजच आपल्या माळ्यावर चढा.